शंभर मण्यांचा हिशेब

“आई, मी पैसे नाही खर्च केले. मी फक्त बटण दाबलं.”

धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता. माझ्या फोनवर खेळता खेळता त्याने गेममधली नाणी विकत घेतली होती, तीही चार दिवसांत सतरा वेळा. कार्डाची माहिती फोनमध्ये साठवलेली होती आणि पासवर्ड मी रोज त्याच्या डोळ्यांदेखत टाकत होते. बँकेचे मेसेज एकदम बघितले तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. त्याला समोर बसवलं, आवाजही चढला. पण त्याचं ते वाक्य ऐकलं आणि मला पुढे बोलताच येईना. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातातून एकही नोट गेली नव्हती, त्यामुळे काही कमी झालं असं त्याला वाटणार तरी कसं?

त्या रात्री मी आठवून पाहिलं, या मुलाने घरात पैसा कधी पाहिलाय? बिल फोनवरून भरलं जातं, सामान दारात येतं, शाळेची फी खात्यातून जाते. आमच्या लहानपणी पैसा दिसायचा. महिनाअखेरीला आई नोटा मोजताना गप्प व्हायची, त्यावरून आम्हाला कळायचं की आता काही मागायचं नाही. माझ्या मुलांना ती गप्प झालेली आई कधी दिसलीच नव्हती. मोठ्या माणसांचंही यात काही वेगळं होत नाही. ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं की पैसे रोख द्यायचे, काहींना सांगितलं की कार्डाने. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त गेली. व्यवस्थापन शिकणाऱ्या पदवीधरांची ही गत, तर नऊ वर्षांच्या मुलाला मी काय बोल लावणार?

थोरली तेव्हा चौदाची होती. म्हणजे दोघांचं पैशाचं शिक्षण एकदमच सुरू करायचं होतं, आणि थोरलीच्या बाबतीत उशीर झालाय असंही मनात खात होतं.

पहिली चूक मी लगेच केली. मी दर रविवारी सकाळी वर्ग घ्यायला लागले. फळा आणला, गरज आणि हौस यांतला फरक, उत्पन्न, खर्च, बचत, सगळं रकाने पाडून समजावलं. थोरली नम्रपणे ऐकायची आणि मनाने कुठेतरी दुसरीकडे असायची. धाकटा फळ्याच्या कोपऱ्यात चित्रं काढायचा. तिसऱ्या रविवारी मी गरज आणि हौस यांची उदाहरणं विचारली, तर दोघांनीही बिनचूक सांगितली. त्याच संध्याकाळी थोरलीने मैत्रिणीकडून उसने पैसे घेऊन फोनचं चौथं कव्हर आणलं. उत्तर पाठ होतं, पण हाताला वळण नव्हतं.

पुढे वाचनात आलं की यात नवल नाही. फर्नांडिस, लिंच आणि नेटेमेयर या तीन संशोधकांनी २०१४ मध्ये अशा शिक्षणावरच्या २०१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. माणसांच्या पैशाच्या वागणुकीत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का या शिक्षणाने समजावता येतो, असं त्यांना आढळलं. शिवाय शिकवलेलं काळानुसार पुसट होत जातं. पुढे २०२२ मध्ये ७६ काटेकोर प्रयोग एकत्र पाहिलेल्या दुसऱ्या आढाव्याने मात्र शिक्षणाचा उपयोग होतो, ज्ञानातही आणि वागणुकीतही, असं दाखवलं. म्हणून शिकवणं फुकट जातं असं मी म्हणणार नाही. पण माझा फळा फुकट गेला, कारण मुलांच्या हातात ज्याचं काही करायचं, असं काहीच नव्हतं. फळा उतरवला आणि पॉकेटमनी सुरू केला.

पॉकेटमनीवर नवऱ्याशी बरीच वादावादी झाली. त्याचं म्हणणं, कामं करतील तर पैसे द्यावेत, फुकटाची सवय लागायला नको. मला ते पटत नव्हतं. आपलं ताट उचलायचे, अंथरूण घडी करायचे पैसे दिले, की एक दिवस मूल म्हणणार, “आज मला पैसे नकोत, मी नाही उचलणार.” घर सगळ्यांचं आहे आणि त्याची कामंही सगळ्यांचीच आहेत. १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग मी त्याला सांगितला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या लहान मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काही दिवसांनी बक्षीस नसताना बघितलं, तर ती मुलं चित्रांपाशी पूर्वीपेक्षा बरीच कमी रमत होती. मोबदला मध्ये आला आणि आवड मागे सरली. शेवटी आमचं ठरलं ते असं: पॉकेटमनी कामाशी बांधायचा नाही. तो शिकण्यासाठी दिलेला पैसा आहे, वह्या-पेन्सिली देतो तसा. मात्र ज्या कामाला आपण बाहेरच्या माणसाला पैसे दिले असते, असं जादा काम कोणी अंगावर घेतलं तर त्याचे वेगळे पैसे द्यायचे. धाकट्याला आठवड्याला, थोरलीला महिन्याला, आणि दोघांनाही रोख.

धाकट्यासाठी काचेच्या तीन बरण्या ठेवल्या. एक खर्चाची, एक साठवायची, एक दुसऱ्यासाठी. मातीचा किंवा पत्र्याचा गल्ला मी मुद्दाम आणला नाही. गल्ल्यात टाकलेला पैसा दिसेनासा होतो, आणि दिसत नाही हेच तर आमचं दुखणं होतं. बरणीत पातळी चढताना, उतरताना दिसते. तो रोज झोपण्याआधी बरण्यांसमोर उभा राहायचा, कधी नुसतंच हलवून आवाज ऐकायचा.

पहिल्या शनिवारी त्याने खर्चाची बरणी एका दमात रिकामी केली. रिमोटवर चालणारी एक गाडी घेतली. मला ती बघताक्षणीच कळलं होतं की ही दोन दिवस टिकणार नाही. मी तसं सांगितलं. त्याला पटलं नाही. सोमवारी चाक निखळलं. तो गाडी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला, खालचा ओठ थरथरत होता. “आई, आता?”

मी त्याला पुढच्या आठवड्याची उचल दिली, ही माझी दुसरी चूक. आईचं मन राहवेना. पण उचल एकदा दिली की तिची चटक लागते. महिन्याभरात तो तीन आठवडे पुढे गेला होता आणि त्याच्या दृष्टीने त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. पडू दिल्याशिवाय तोल सांभाळायला येत नाही, हे सायकल शिकवताना मला ठाऊक होतं. पैशाच्या बाबतीत मात्र मी सीट धरून पळत होते. पुढच्या वेळी मी हात सोडला. तीन आठवडे त्याची बरणी रिकामी राहिली. मी काही बोलले नाही, टोमणा मारला नाही, “मी सांगितलं होतं ना” हे जिभेवर आलेलं वाक्य गिळलं. या सगळ्या काळात मला सर्वांत जड गेलं ते हे गप्प बसणं.

मग एक यादी सुरू केली. हवी असलेली वस्तू लिहायची, तारीख घालायची, दोन आठवडे थांबायचं. पंधराव्या दिवशी अजून हवी असेल तर आपल्या पैशांनी घ्यायची, मी आडवी येणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत त्याने अकरा वस्तू लिहिल्या आणि त्यांतल्या सात स्वतःच्या हाताने खोडल्या. एका वस्तूपुढे त्याने लिहिलं होतं, “ही मला फक्त त्या दिवशी हवी होती.” ते पान मी जपून ठेवलंय.

थांबण्याचा विषय निघाला की वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डचा प्रयोग हमखास सांगितला जातो. मुलासमोर एक गोड पदार्थ ठेवायचा, थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं. थांबू शकलेली मुलं पुढे आयुष्यात चमकली, असं आपण ऐकत आलोय. मीही तेच ऐकून धाकट्याच्या ‘संयमा’च्या मागे लागले होते. पण २०१८ मध्ये कितीतरी जास्त मुलांवर हे पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर हा संबंध बराच फिका पडला. त्याहून मला हलवून गेला तो सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग. २८ मुलं होती. त्यांना आधी सांगितलं, थांबा, चित्रांसाठी आणखी छान साहित्य आणून देते. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिलं. उरलेल्या मुलांना सांगितलं, “अरेरे, नाहीये.” मग तोच गोड पदार्थाचा खेळ मांडला. शब्द पाळलेला ज्यांनी पाहिला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. शब्द मोडलेला ज्यांनी पाहिला होता ती ३ मिनिटं.

हे वाचलं त्याच महिन्यात आम्ही धाकट्याचा पॉकेटमनी द्यायला दोनदा विसरलो होतो. त्याच्या बरणीतून ‘सुट्टे नाहीत’ म्हणून मी नोट घेतली होती आणि परत टाकली नव्हती. आमच्या लेखी किरकोळ गोष्ट होती. त्याच्या लेखी ती काय असेल? मी दुसऱ्या दिवशी ती नोट त्याच्यासमोर बरणीत टाकली, उशिराबद्दल माफी मागितली. शनिवार सकाळची वेळ तेव्हापासून आम्ही चुकवलेली नाही. नवरा गावाला असला तर आदल्या रात्री पाकीट भरून ठेवतो. मुलाने उद्यावर भरवसा ठेवायला हवा असेल, तर आधी उद्या आपल्याकडून खरा ठरला पाहिजे.

थोरलीचं प्रकरण निराळं होतं. तिला बरण्यांत रस नव्हता, तिला आकडे आवडायचे. तिच्यासाठी आम्ही घरची बँक काढली. बँक म्हणजे एक वही. तिने ठेवलेल्या पैशांवर महिन्याला २ टक्के व्याज, दर महिन्याच्या शेवटी जमा. बाहेरच्या कुठल्याही बँकेपेक्षा हा दर फार जास्त होता, पण मुलांच्या महिन्यात काही हालचाल दिसायला हवी तर दर मोठाच लागतो.

तिला मी ७२ चा नियम सांगितला. व्याजाच्या दराने ७२ ला भागायचं, जे उत्तर येईल तितक्या काळात पैसे दुप्पट. व्हेनिसमध्ये १४९४ साली छापलेल्या लुका पाचोली यांच्या गणिताच्या ग्रंथात हा नियम आहे. त्याच ग्रंथात जमाखर्च दोन बाजूंनी लिहिण्याची पद्धतही मांडलेली आहे. तिने भागाकार केला: ३६ महिने. पण तिचा विश्वास बसेना. तिने कॉम्प्युटरवर तक्ता मांडला, १०० पासून सुरुवात केली आणि दर ओळीला २ टक्के वाढवत खाली गेली. मी शेजारीच बसले होते. पस्तिसाव्या ओळीवर आकडा आला १९९.९९. ती खुर्चीत ताठ झाली. “छत्तीस नाही, पस्तीसच!” मग शेजारी सरळव्याजाचा रकाना केला. त्यात दुप्पट व्हायला ५० महिने लागत होते. “मधले पंधरा महिने कुठे गेले?” तिने विचारलं आणि उत्तर स्वतःच शोधलं. व्याजावरचं व्याज. पहिल्या वर्षी दोन्ही रकान्यांत फरक नावालाच होता, खरा फरक शेवटाकडे उघडत गेला. ते तिने बोटाने ओळ न् ओळ दाखवलं. चक्रवाढ व्याज तिच्या शाळेत आधीच शिकवून झालं होतं, सूत्रासकट. त्या संध्याकाळी ते तिला पहिल्यांदा दिसलं.

एक-दोन महिन्यांनी ती म्हणाली, “आई, महिन्याला २ म्हणजे वर्षाला जवळजवळ २७ टक्के होतात. खरी बँक इतकं देते?” मी म्हटलं, नाही देत. आणि बाहेर कोणी इतकं नक्की देतो म्हणाला, तर आधी विचारायचं, हा पैसा येणार कुठून? मग मी तिला चार्ल्स पॉन्झीची गोष्ट सांगितली. १९२० मध्ये बॉस्टनमध्ये त्याने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणून लोकांकडून पैसे गोळा केले. आधीच्यांना दिले जाणारे पैसे नंतर आलेल्यांचेच होते. नवीन माणसं येणं थांबलं आणि डोलारा कोसळला. तिने तीही आकडेमोड करून पाहिली. दर फेरीत किती नवी माणसं लागतील हे मांडत गेली आणि काही फेऱ्यांतच आकडा इतका फुगला की तिने हात टेकले.

घरची बँक कर्जही द्यायची. तिला चांगले हेडफोन हवे होते, साठलेले पैसे पुरत नव्हते. आम्ही कागद केला: मुद्दल, महिन्याला ३ टक्के व्याज, सहा हप्ते, तारीख, तिची सही, बाबांची सही. तिसरा हप्ता तिने चुकवला. बाबांनी शांतपणे वहीत व्याज चढवलं. ती रागावली. “घरातल्या घरात काय हे!” पण पुढचे तीनही हप्ते तारखेच्या आधी आले.

तिच्या कपड्यांचा आणि शाळेबाहेरच्या वस्तूंचा सहा महिन्यांचा पैसा एकदम तिच्या हाती दिला, तेव्हा मात्र घरात वादळ झालं. दुसऱ्याच महिन्यात अर्ध्याहून जास्त पैसे एका बुटांच्या जोडीवर गेले. उरलेल्यात तिला चार महिने काढायचे होते. जुने कपडे घट्ट व्हायला लागले होते. ते बघून सासूबाईंना राहवलं नाही. एक दिवस तिच्या दप्तरात घडी केलेल्या नोटा सापडल्या.

मी सासूबाईंपाशी गेले. “आई, तुम्ही तिला पैसे दिलेत?”

“दिले. नातीला दिले. तुमचे प्रयोग चालू देत, पण पोरीने आखूड कपडे घालून फिरायचं का?”

त्यांचा राग प्रेमातून होता आणि मला त्यांना दुखवायचं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, “आई, सासरे गेल्यानंतर तुम्ही घर कसं चालवलंत ते तुम्ही मला सांगितलंय. तिला कधी सांगितलंत?” त्या गप्प झाल्या. मग त्या रात्री त्यांनी नातीला सांगितलं. पहिल्या तारखेला घराच्या प्रत्येक खर्चाचं वेगळं पाकीट कसं करायच्या, एका पाकिटातला पैसा दुसऱ्याला कसा लावायचा नाही, आणि एका वर्षी औषधाच्या पाकिटाला हात लावावा लागला तेव्हा झोप कशी उडाली. अर्थशास्त्राचं नोबेल २०१७ मध्ये रिचर्ड थेलर यांना मिळालं. माणूस मनातल्या मनात पैशाचे असे वेगवेगळे कप्पे करतो आणि त्याप्रमाणे वागतो, हे त्यांच्या कामातला एक मोठा भाग आहे. सासूबाईंनी ते कप्पे कागदाच्या पाकिटांत सांभाळले होते. दप्तरातल्या नोटा थोरलीने आपणहून आजीला परत दिल्या. आजीने घेतल्या नाहीत, त्या घरच्या बँकेत जमा केल्या. दोघींनी मिळून तोडगा काढला, तो मला मान्य होता.

आता खरी गोष्ट सांगते. हे सगळं चालू असताना आम्ही मुलांना त्यांचा हिशेब मांडायला लावत होतो, पण आमचा हिशेब मात्र झाकलेला होता. थोरलीने एकदा थेट विचारलं, “तुमचे पैसे कुठे जातात?” नवरा म्हणाला, तू अभ्यास कर. नंतर आमच्यात बोलणं झालं. त्याला वाटत होतं, मुलांना काळजी कशाला लावायची. शिवाय पगाराचा आकडा मित्रमैत्रिणींत जाईल. या दोन्ही भीती खऱ्या होत्या. म्हणून आकडा सांगायचा नाही, वाटा दाखवायचा, असं ठरलं.

मी शंभर मणी आणले. एका रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर ओतले. म्हटलं, हे शंभर म्हणजे आपल्या घरात महिन्याला येणारे सगळे पैसे. धाकट्याचे डोळे चमकले. मग एकेक वाटी पुढे घेतली. घराचा हप्ता, ३० मणी. रोजचा घरखर्च, २४. शिक्षण, १४. वीज, फोन, प्रवास, ९. औषधं आणि विमा, ६. बचत, ६. मणी मोजायचं काम धाकटा करत होता. टेबल रिकामं होत चाललं तसा त्याचा वेग मंदावला. शेवटी अकरा मणी उरले. मी तीन बाजूला काढून म्हटलं, हे मोकळे, यातून फिरणं, वाढदिवस, अचानक आलेली दुरुस्ती.

“एवढेच?” धाकटा म्हणाला. त्याला इतके दिवस शंभरच्या शंभर मोकळेच आहेत असं वाटत होतं.

थोरलीचं लक्ष मात्र उरलेल्या आठांवर होतं. “आणि हे?”

ते आठ मणी म्हणजे कार्डाचं जुनं कर्ज होतं. मुलं लहान असताना नवऱ्याची नोकरी सात महिने गेली होती. त्या काळात आम्ही कार्डावर घर चालवलं. नोकरी लागल्यावर ते लगेच फेडायला हवं होतं. पण मी कितीतरी दिवस फक्त किमान रक्कम भरत राहिले. तेवढं भरलं की बँकेचा फोन येत नव्हता, आणि फोन आला नाही की सगळं ठीक आहे असं वाटायचं. हे मी माझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मुलांना सांगितलं. कागदावर मांडून दाखवलं: १०० थकले, महिन्याचं व्याज ३, मी भरले ५. मग मुद्दलातून गेले किती? “दोन,” थोरली म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, “ही आपल्या बँकेची वही आहे. फक्त उलटी.” आणि काहीच भरलं नाही तर किती दिवसांत दुप्पट, तेही तिने सांगितलं. ७२ भागिले ३, चोवीस महिने.

मला वाटलं होतं त्यांच्या मनातून मी उतरेन. तसं झालं नाही. धाकट्याने विचारलं, “मग तू घाबरली होतीस का?” मी हो म्हटलं.

यानंतर घरात पैशाबद्दल बोलणं सोपं झालं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मणी टेबलावर येतात. ओईसीडी ही अनेक देशांची संस्था २०१२ पासून पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत १५ वर्षांच्या मुलांचं अर्थभान तपासते. त्यातले काही प्रश्न खुले केलेले आहेत, ते मी थोरलीला सोडवायला दिले. एका प्रश्नात कपड्यांचं बिल होतं आणि मागवलेल्या दोन टी-शर्टऐवजी बिलात तीन लावले होते. दुरुस्त बिलाची रक्कम तिने बरोबर काढली. तेव्हापासून घरात येणारं प्रत्येक बिल तिच्या नजरेखालून जातं.

पण मण्यांच्या त्या रात्रीचं मोल मला कळलं ते पाच महिन्यांनी. थोरली एका रात्री माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि बराच वेळ काही बोलेना. ऑनलाइन ओळख झालेल्या एकाकडून ती जुना टॅबलेट घेणार होती. त्याने आधी अर्धे पैसे मागितले, हिने पाठवले. मग त्याने पोचवण्याचा खर्च मागितला, तोही पाठवला. मग तो नाहीसा झाला. जवळजवळ दीड वर्षाची साठवण गेली होती. हे होऊन आठ दिवस झाले होते आणि आठ दिवस ती एकटीच कुढत होती.

मी तिला जवळ घेतलं. पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि संभाषण दोन्ही आधी जपून ठेवलं, मग बँकेला कळवलं, तक्रार नोंदवली. बँकेतल्या माणसाने एकच विचारलं, लगेच का नाही कळवलंत? पैसे परत आले नाहीत. पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर निदान ते अडवण्याचा प्रयत्न करता आला असता. ते आठ दिवस मला आजही टोचतात.

सगळं उरकल्यावर मी तिला विचारलं, मग आज का सांगितलंस? ती म्हणाली, “तुझे आठ मणी आठवले.”

तिला भरपाई द्यावी का, यावर नवरा आणि मी दोन रात्री बोललो. दिली नाही. मात्र घरच्या बँकेत तिच्या पुढच्या सहा महिन्यांच्या जमेवर आम्ही थोडी भर घातली. हे बरोबर केलं की नाही, याबद्दल आमचं दोघांचं अजून एकमत नाही.

कार्डाचं कर्ज आता संपत आलंय. त्या वाटीत आता तीनच मणी असतात. बाकीचे पाच आम्ही बचतीच्या वाटीत टाकतो. गेल्या महिन्यात मणी मोजताना धाकटा मध्येच थांबला. तो आता अकराचा आहे.

“आई, मी तेव्हा गेममध्ये बटण दाबलं होतं ना. ते किती मणी होते?”

जुने मेसेज शोधले, आकडेमोड त्यानेच केली. साडेचार मणी होते. त्याने चार मणी तळहातावर घेतले, पाचवा अर्धा कसा करायचा म्हणून बोटांत धरून ठेवला.

“मग ते कुठल्या वाटीतून घेतले होतेस?”

मी बचतीची वाटी पुढे केली. तेव्हा तिच्यात सहाच असायचे. त्याने त्यातले सहा वेगळे मांडले, हातातले मणी त्यांच्या शेजारी ओळीने लावले, आणि किती उरले ते बराच वेळ बघत राहिला.